सुई घातलेली गाठ लॅबला देताना

परवा कागलच्या एका काकांच्या मानेतली गाठ आली. चिठ्ठीवर एकच शब्द, 'गाठ'. तिच्या पातळ कापाची काच मायक्रोस्कोपखाली धरली तर निम्म्याहून जास्त भाग मेलेला. टीबी म्हणावं का लिम्फोमा, म्हणजे लसीका गाठींचा कॅन्सर? राजारामपुरीतल्या आमच्या लॅबमधून काकांच्या मुलाला फोन लावला, तेव्हा तो म्हणतोय, "मॅडम, तीन आठवड्यांमागं सुई घालून बघितलंय की!"

हे आधी सांगायचं असतं बाबांनो.

सुई घालून पेशी तपासायच्या या पद्धतीला एफएनएसी म्हणतात. तिची सुई बारीक, 22 ते 25 गेजची. पण ती आत पुढंमागं फिरवून पेशी ओढाव्या लागतात. त्यात रक्त साकळतं, सुईच्या वाटेवर जखम भरून येताना नवं मांस धरतं, आणि क्वचित रक्तपुरवठा तुटून अख्खी गाठच मरते. गंमत अशी की लिम्फोमाची गाठ स्वतःहूनही मरते, टीबीतही आतला भाग कुजतो. म्हणून 'सुईनं झालं असेल' म्हणून आम्हाला हात झटकता येत नाहीत. (सुई लावली की गाठ चवताळते, ही भीती मात्र सोडा. त्यापायी तपासणी टाळणारे जास्त पस्तावतात.)

तर चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घ्या: सुई कधी घातली, कुठल्या बाजूच्या कुठल्या गाठीत. सुईच्या जुन्या काचा आणि रिपोर्ट सोबत आणाच, कारण त्या काचांत गाठ मरायच्या आधीच्या पेशी असतात. शेजारी दुसऱ्या गाठी असतील तर सुई न लागलेली घेता येईल का, हे ऑपरेशनच्या आधीच विचारा. तुकड्यापेक्षा अख्खी गाठ बरी.

बाटली रुंद तोंडाची, फॉर्मेलिन (गाठ कुजू नये म्हणून घालायचं द्रव) गाठीच्या दहापट. टीबीचा संशय असेल तर एक तुकडा वेगळ्या निर्जंतुक बाटलीत सलाइनमध्ये द्यायला सांगा. फॉर्मेलिननं जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, कशाचं करणार? आणि घरची लोणच्याची बरणी नको, आलीय एकदा.

रिपोर्टात 'फक्त मृत पेशी' आलं तर ते 'काही नाही' असं समजू नका. रेटिक्युलिन म्हणजे गाठीतले बारीक धागे, ते रंगवले की मेलेल्या गाठीचा सांगाडा दिसतो. पेशींची ओळख पटवणारे सीडी20 सारखे मार्कर कधीकधी मेलेल्या पेशीतही लागतात. तरी उलगडलं नाही तर दुसरी गाठ काढावी लागते.

काकांच्या मुलानं संध्याकाळच्या एसटीनं जुन्या काचा आणल्या. त्यांत टीबीच्या खुणा स्पष्ट होत्या. मग गाठीचा जिवंत काठ पुन्हा चाळला, तिथंही तशा दोन खुणा सापडल्या.