आयजीपी ट्रायलमध्ये जज नक्की काय बघतो?

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या लोकांपैकी ज्यांना कुत्र्यांचं वेड आहे त्यांच्यासाठी लिहितेय, कारण इथल्या क्लबच्या मैदानावर पहिल्यांदा आयजीपी ट्रायल, म्हणजे कुत्र्यांच्या खेळाची परीक्षा, बघायला गेलं की गोंधळ उडतोच. कुत्रा धाडकन जाऊन समोरच्या माणसाच्या हातावरची जाड संरक्षक बाही, म्हणजे स्लीव्ह, पकडतो, लोक टाळ्या वाजवतात आणि मग जज माइकवर त्याचेच मार्क कमी सांगतो.

खेळाचं नाव आयजीपी, आधी आयपीओ होतं, त्याच्याही आधी शुट्झहुंड. माग काढणं, आज्ञापालन आणि प्रोटेक्शन (म्हणजे संरक्षण) असे तीन भाग, प्रत्येकी 100 मार्क, पास व्हायला प्रत्येकात 70 हवेतच, म्हणजे एकात 95 मिळाले म्हणून दुसऱ्यातले 65 भरून निघत नाहीत. 96 पासून पुढे 'उत्कृष्ट'.

प्रोटेक्शनमध्ये लेव्हल तीनला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीला, मैदानात सहा तंबू असतात, कुत्रा मालकाच्या इशाऱ्यावर ते एकेक करून फिरतो आणि शेवटच्यात लपलेला हेल्पर, म्हणजे स्लीव्ह घालून हल्लेखोर बनलेला माणूस, सापडला की चावायचं नाही, समोर उभं राहून नुसतं भुंकायचं. माझ्या मते कुत्रा कसा आहे ते इथेच निम्मं कळतं. भुंकणं दमदार आणि सलग हवं, नजर हेल्परवर. मध्येच स्लीव्हला तोंड लावलं, अंगाने धक्के दिले की मार्क गेले. आणि भुंकता भुंकता मान वळवून मालकाकडे बघणारा कुत्रा असतो ना, तो नवख्याला आज्ञाधारक वाटतो, जजला मात्र त्यात कुत्र्याची अस्वस्थता दिसते.

पुढे चावायची वेळ येते तेव्हा पकडीचं बघायचं झालं तर तोंड पूर्ण भरलेलं, घट्ट आणि शांत. नुसत्या पुढच्या दातांनी धरलेलं, सारखी पकड बदलणारं तोंड दुरूनही ओळखू येतं. हेल्पर अंगावर चाल करून दाब टाकतो त्या दोन-तीन सेकंदांत जज कुत्र्याच्या तोंडावरून नजर हलवत नाही, तुम्हीही हलवू नका, पकड सैल पडते की आणखी आत सरकते तेवढंच बघा.

मग हेल्पर थांबतो, मालक 'आउस' (म्हणजे 'सोड') म्हणतो आणि कुत्र्याने लगेच सोडायचं. हा क्षण मला सगळ्यात सुंदर वाटतो, एवढा पेटलेला कुत्रा एका शब्दावर सोडतो आणि तरीही तिथेच टक लावून राखण करतो! उशिरा सोडलं तर मार्क कापतात, पहिल्या हुकमानंतर अजून दोन हुकूम देऊनही नाही सोडलं तर कुत्रा बाद. सोडून इकडेतिकडे हुंगायला लागला तरी मार्क जातात. मुद्दाम स्लीव्ह सोडून दुसरीकडे चावला तरीही बादच.

ट्रायलच्या आधी स्वभाव तपासतात, तिथे भित्रा किंवा अंगावर येणारा कुत्रा पुढे जाऊच शकत नाही, आणि नंतर कधीही तसं दिसलं तरी जज बाहेर काढू शकतो.

तुम्ही काय करायचं? वहीत प्रत्येक व्यायामाचे आपले मार्क लिहा, नंतर जज सगळ्यांसमोर बोलून परीक्षण सांगतो ते ताडून बघा, जर्मन कच्चं असेल तर क्लबमधल्या कुणाला तरी शेजारी उभं करा, लोक आनंदाने समजावतात. आणि स्वतःचा कुत्रा उतरवायचा असेल तर आधी बीएच परीक्षा, म्हणजे आज्ञापालन आणि रस्त्यावरचं वागणं तपासणारी प्राथमिक परीक्षा, तीही कुत्रा 15 महिन्यांचा झाल्याशिवाय देता येत नाही, म्हणून पिल्लू घरी आलं की लगेच स्लीव्हच्या मागे लागू नका, रस्त्यावर सायकल, गर्दी, दुसरी कुत्री यांच्यात शांत चालायला शिकवा.