पुरुषांच्या छापील चित्रांतून कोलाज कसं करावं

मराठवाड्यात कापूस वेचतात त्या बहुतेक बायका. बियाण्याच्या पाकिटावर मात्र फेटा बांधलेला, कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला गडी. असंच एक पाकीट कापून मी पहिलं कोलाज केलं, म्हणजे कापलेले तुकडे जुळवून, चिकटवून केलेलं चित्र. बाईच्या वाट्याला काय येतं ते दाखवायला पुरुषांचीच चित्रं का, असं मला विचारतात. करून बघा, म्हणजे कळेल.

आधी रद्दी जमवा. ट्रॅक्टर-सिमेंटच्या जाहिराती, जुने दिवाळी अंक, दुकानांची कॅलेंडरं. वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडतो, मासिकांचा गुळगुळीत कागद जास्त टिकतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या पत्रकांतून पोज घ्या, पण गावातल्या कुणाचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय वापरू नका.

आता हातांकडे बघून ढीग लावा. कमरेवरचे हात, स्टिअरिंगवरचे, कानाला मोबाईल लावलेले. हे भराभर सापडतील. मग भाकरी थापणारा किंवा पोराचं नाक पुसणारा पुरुषाचा हात शोधा. जे सापडणार नाही, ते वहीत लिहून ठेवा. विषय हाच.

जर्मनीच्या चित्रकार हाना ह्योख (१८८९–१९७८) यांनी १९२० सालच्या ‘बाप’ या कोलाजमध्ये पुरुषाचं डोकं बाईच्या पोशाखातल्या अंगावर बसवून हातात बाळ दिलं. बर्लिनच्या एका प्रकाशनसंस्थेत त्या भरतकामाचे, लेसचे नमुने काढायच्या. आपल्याकडे गोधडीला ठिगळं जुळवणाऱ्या बाईलाही ही नजर असतेच.

पुरुषाला साडी नेसवून हसू आणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. बाईचं काम करणं म्हणजे हसण्यासारखं, असाच त्याचा अर्थ निघतो. चेहरा आहे तसा ठेवा, फक्त हात बदला. मी चुलतीच्या हातांचा फोटो काढून छापून घेतला होता. बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली बोटं, नखांच्या कडांना चिरा. ते हात कोपरापासून त्या पाकिटावरच्या गड्याला लावले. मिशी तीच होती, पण त्याचे डोळे मला पहिल्यांदाच दमलेले दिसले.

चिकटवायची घाई नको. तुकडे नुसते मांडा, मोबाईलवर फोटो काढा, रात्रभर तसेच राहू द्या.

खळ घरीच करा. दोन मोठे चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. ते विषारी असतं, म्हणून भांडं वेगळं ठेवा आणि लेकरांपासून लांब. तुकड्याच्या मागे खळ लावून मिनिटभर थांबा. कागद ओलाव्याने फुगतो, तो फुगल्यावर चिकटवला की फुगे कमी येतात. मधून कडांकडे फडक्याने दाबत जा. वर प्लॅस्टिक, त्यावर फळी, त्यावर पाटा. सकाळपर्यंत उचलू नका.

वाळल्यावर मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा: चेहरा कुठून घेतला, हात कुणाचे.