सरकारी मनुष्यबळाचे आकडे गोळा करायला बसण्याआधीची तयारी

यावेळी सगळं आधी लिहून ठेवतेय, कारण मागच्या वेळी मी थेट फाइली डाउनलोड करायला बसले आणि तिथेच गडबड झाली. काम सरळ होतं, चाळीसेक सरकारी संस्थांत किती माणसं आहेत ते दर तिमाहीला एका शीटमध्ये आणायचं. एका संस्थेत आधीच्या तिमाहीत ४१२ माणसं होती, त्या तिमाहीत २६८ दिसली. मी नोटमध्ये लिहून टाकलं की ३५ टक्के कपात झाली. कपात कुठलीच झाली नव्हती. त्या संस्थेचा परवाने देणारा अख्खा विभाग दुसऱ्या संस्थेकडे वर्ग झाला होता, १४४ माणसं, आणि ती माझ्याच शीटमध्ये सतरा ओळी खाली ९० ची २३४ होऊन बसली होती. इकडे १४४ कमी, तिकडे १४४ जास्त, पण मी प्रत्येक ओळ सुटी वाचत होते. नोट वर गेली, तिच्यावर बैठक झाली, आणि त्या विभागातली माणसं दोन दिवस आपली नोकरी राहतेय की जातेय या काळजीत होती. हे मला अजून लागतं.

म्हणून एकही आकडा भरण्याआधी फेरबदलांची नोंदवही उघडा. साधी शीट चालेल. कुठला विभाग कुठून निघाला, कुठे गेला, आदेशाची तारीख, प्रत्यक्ष अंमलाची तारीख, किती माणसं, आणि पगार कुठल्या महिन्यापासून नव्या संस्थेच्या खात्यातून निघायला लागला. हा शेवटचा कॉलम लोक हमखास गाळतात. गाळू नका. आदेश एका दिवशी निघतो, माणसं महिन्याभराने तिकडे बसायला जातात आणि पगार जुन्याच ठिकाणाहून आणखी दोन-तीन महिने निघत राहतो, मग त्या मधल्या काळात जुनी संस्था म्हणते पगार आम्ही देतो म्हणजे आमचे, नवी म्हणते काम आमच्याकडे करतात म्हणजे आमचे, आणि तुमच्या बेरजेत तीच माणसं दोनदा येतात. किंवा दोघंही सोडून देतात आणि ती एकदाही येत नाहीत.

आणि हे काही फक्त छोट्या संस्थांपुरतं नाही. ब्रिटनमध्ये २०१२ साली इंग्लंडमधली फर्दर एज्युकेशन कॉलेजं, म्हणजे शाळेनंतरचं व्यावसायिक वगैरे शिक्षण देणारी, सांख्यिकीच्या दृष्टीने सार्वजनिक क्षेत्रातून खासगीत टाकली गेली, तेव्हा साधारण १ लाख ९६ हजार माणसं एका तिमाहीत या रकान्यातून त्या रकान्यात गेली. कोणाचं टेबल हललं नाही, कोणाची नोकरी गेली नाही. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये तीच कॉलेजं परत सार्वजनिक क्षेत्रात आली. रॉयल मेल ही तिथली टपाल सेवा शेअर बाजारात आल्यावर तिचंही २०१३ च्या शेवटी तसंच झालं, सरकारी आकड्यातून एकदम बाहेर. ज्याने नोंदवही ठेवली नाही त्याच्या आलेखात प्रचंड कपात आणि नंतर प्रचंड भरती दिसणार. त्यामुळे नोंदवहीत प्रकार कोणता तेही लिहा: माणसं खरोखर दुसरीकडे गेली, संस्थेचं फक्त नाव बदललं, दोन संस्था एक झाल्या, की नुसतं वर्गीकरण बदललं.

आता बाकीचं. व्याप्ती ठरवा, म्हणजे 'सरकारी' म्हणजे नक्की कोण. हे तोंडी ठरवून चालत नाही, संस्थांची यादी लागते. मंत्रालयं आणि खाती वेगळी, स्वायत्त संस्था वेगळ्या, सरकारी कंपन्या वेगळ्या, स्थानिक संस्था वेगळ्या, सैन्य वेगळं. राष्ट्रीय लेखा पद्धतीत सार्वजनिक क्षेत्र म्हणजे सामान्य सरकार (केंद्रापासून स्थानिक संस्थांपर्यंत सगळं सरकार) अधिक सार्वजनिक कंपन्या, पण बातमीत किंवा भाषणात जो आकडा येतो तो बहुतेकदा त्याचा एक तुकडा असतो. ब्रिटनमध्ये सिव्हिल सर्व्हिस, म्हणजे सरकारी खात्यांतला कर्मचारीवर्ग, ५ लाखांच्या वर आहे आणि सार्वजनिक क्षेत्रातली एकूण माणसं ६० लाखांच्या आसपास, कारण शिक्षक आणि सरकारी दवाखान्यांतले डॉक्टर-नर्स सिव्हिल सर्व्हिसमध्ये धरत नाहीत. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण शेजारी शेजारी ठेवले की अनर्थ होतो. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या फेडस्कोप नावाच्या आकडेवारीत टपाल खातं येत नव्हतं, ते एकटंच लाखोंचं आहे. भारतात केंद्राच्या नागरी कर्मचाऱ्यांचे आकडे वेतन आणि भत्त्यांच्या वार्षिक अहवालात येतात आणि सार्वजनिक उपक्रमांचे वेगळ्या सर्वेक्षणात. कोण आत, कोण बाहेर आणि का, एका ओळीत लिहून ठेवा, सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

मोजायचं काय? डोकी मोजायची की पूर्णवेळ समतुल्य, ज्याला सगळे एफटीई म्हणतात. अर्धवेळ काम करणारी दोन माणसं ही डोकी दोन, एफटीई एक. जिथे अर्धवेळ माणसं भरपूर आहेत तिथे फरक मोठा पडतो, जिथे नाहीत तिथे जवळजवळ नाही, आणि म्हणूनच चूक लवकर सापडत नाही. तिसरा एक प्रकार असतो, वर्षभराची सरासरी. ऑस्ट्रेलियाच्या बजेटच्या कागदांत सरासरी मनुष्यबळ असतं आणि तिथल्या पब्लिक सर्व्हिस कमिशनच्या आकडेवारीत ठराविक दिवसाची डोकी असतात, त्यात लांब रजेवरची माणसंसुद्धा धरलेली. हे दोन आकडे एकमेकांतून वजा करायचे नाहीत. मी दोन्ही कॉलम ठेवते आणि जो मिळाला नाही तो रिकामा सोडते. डोक्यांवरून अंदाजाने एफटीई काढून भरायची नाही. कोणी कितीही घाई केली तरी नाही.

तारीख. कुठल्या दिवसाची गोष्ट सांगतोय आपण? ३१ मार्च, ३० जून, १ मार्च, पगाराचा शेवटचा दिवस, प्रत्येकाचं वेगळं. फाइल कधी प्रसिद्ध झाली ती तारीख आणि आकडा कुठल्या दिवसाचा ती तारीख असे दोन वेगळे कॉलम करा, एकातच कोंबू नका. आणि इथे परत नोंदवही लागते: विभाग एप्रिलमध्ये वर्ग झाला, जुनी संस्था मार्चअखेरचा आकडा देते आणि नवी जूनअखेरचा, तर ती माणसं दोन्हीकडे आहेत आणि दोन्ही संस्था खरंच बोलतायत. बेरीज मात्र खोटी. हंगामी भरतीसुद्धा तारखेवरच अवलंबून असते. अमेरिकेत मे २०१० मध्ये एका महिन्यात जनगणनेसाठी ४ लाख ११ हजार तात्पुरती माणसं घेतली गेली, आणि त्या महिन्यातली देशातली एकूण नोकरवाढ होती ४ लाख ३१ हजार. आता तो एकच महिना घेऊन कोणी सरकार फुगलं म्हणालं तर काय करायचं. तात्पुरत्यांचा कॉलम वेगळाच हवा.

मंजूर पदं आणि भरलेली पदं. हे इतकं उघड आहे की लिहायला नको, पण तरी लोक मंजूर पदांना मनुष्यबळ म्हणतात. भारतात १ मार्च २०२१ रोजी केंद्राची मंजूर पदं ४० लाख ३५ हजारांच्या आसपास होती आणि प्रत्यक्षात माणसं ३० लाख ५६ हजारांच्या आसपास, म्हणजे पावणेदहा लाखांच्या वर पदं रिकामी. तुम्ही कुठला कॉलम उचलला यावर गोष्टच बदलते. वजाबाकी करून आलेला रिक्त पदांचा आकडा म्हणजे तेवढ्या जागांची जाहिरात निघाली असंही नाही, त्यातली काही पदं गोठवलेली असतात, काहींना तरतूदच नसते, काही नुसती कागदावर. आणि कधीकधी वजाबाकी उणे येते, मंजूर २० आणि माणसं २३. ती चूक समजून पुसू नका, आस्थापना शाखेला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या शाखेला, विचारा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा त्यामागे फेरबदल असतो, माणसं आली पण पदं अजून जुन्या संस्थेच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीतच, अडकलेली. पदं आणि माणसं एकाच दिवशी हलत नाहीत, नोंदवहीत त्यांच्या तारखा वेगळ्या लिहा.

प्रतिनियुक्तीवरची, म्हणजे काही काळापुरती दुसऱ्या संस्थेत कामाला पाठवलेली, माणसं कोणाकडे मोजायची हे एकदाच ठरवा. मी जिथे काम करतात तिथे मोजते, कारण मला काम कुठे होतंय ते बघायचं असतं. पगाराचा हिशोब बघणाऱ्याने उलटं करावं. दोन्हीकडे मात्र नको.

कंत्राटी आणि बाह्यस्रोतातली माणसं हा सगळ्यात अवघड भाग आहे, आणि इथे शॉर्टकट नाही. ती आस्थापनेच्या पगारपत्रकावर नसतात, खरेदीच्या बिलात असतात. सुरक्षा, सफाई, डेटा एन्ट्री, ड्रायव्हर आणि हल्ली थेट तज्ज्ञ सल्लागार. ऑस्ट्रेलियात काही वर्षं सरकारी मनुष्यबळाला २००६-०७ च्या पातळीची मर्यादा घातली होती, आकडा कागदावर आटोक्यात राहिला, आणि नंतर सरकारनेच हिशोब काढला तेव्हा २०२१-२२ मध्ये बाहेरून घेतलेलं मनुष्यबळ सुमारे ५४ हजार पूर्णवेळ माणसांइतकं निघालं. ज्याच्याकडे फक्त कायम कर्मचाऱ्यांचा कॉलम होता त्याला हे दिसलंच नसतं. तर प्रत्येक संस्थेला वेगळा प्रश्न पाठवा, आणि "तुमच्याकडे कंत्राटी किती" असा पाठवू नका, त्याला उत्तर शून्य येतं. "कुठल्या एजन्सीमार्फत, कुठल्या कामाला, सरासरी किती माणसं रोज येतात" असं विचारा. माणसं मोजून नाही दिली तर निदान कंत्राटं किती ते घ्या, आणि तो आकडा माणसांच्या बेरजेत मिसळू नका.

संस्थांना नावाने ओळखू नका, कोड द्या. नावं बदलतात, एकाच नावाची तीन स्पेलिंग येतात, कोणी 'संचालनालय' लिहितो कोणी 'संचा.', आणि शीट त्यांना तीन संस्था समजते. कोड एकदा दिला की तो परत दुसऱ्याला द्यायचा नाही, संस्था बंद झाली तरी. संस्था मोडून दोन झाल्या तर दोघींना नवे कोड, आणि जुन्या कोडवरून नव्यावर जाणारी ओळ कुठे लिहायची? नोंदवहीत. परत परत तेच सांगतेय, मला माहितीय, पण मागच्या वेळी माझ्याकडे कोड होते, तारखा होत्या, एफटीईचा कॉलमसुद्धा होता, सगळं नीट होतं आणि ही एकच शीट नव्हती, त्या एका शीटपायी बाकीच्या सगळ्याचा उपयोग शून्य झाला.

नोंदवही भरायला माहिती कुठून आणायची, तर आकडेवारीच्या फाइलीत ती सापडणार नाही. शासन आदेश बघा, राजपत्र बघा, बजेटमधली मागणी एका शीर्षावरून दुसऱ्यावर गेलीय का बघा, वार्षिक अहवालाच्या तळटीपा वाचा, तिथे बारीक अक्षरात असतं. आणि सरळ फोन करा. आस्थापना शाखेतल्या माणसाला दोन मिनिटांत विचारून होतं की "गेल्या तीन महिन्यांत तुमच्याकडून कोणी गेलं का, तुमच्याकडे कोणी आलं का". मी तो फोन केला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. आता दर तिमाहीला सगळ्या चाळीस ठिकाणी करते, आकडे मागायच्या आधी, आणि उत्तर 'नाही' आलं तरी 'नाही' असं तारखेसकट लिहिते.

मूळ फाइली जशा आल्या तशा वेगळ्या फोल्डरमध्ये, तारीख घालून, हात न लावता. संस्था मागचे आकडे गुपचूप सुधारतात आणि त्याच लिंकवर नवी फाइल चढवतात. स्कॅन केलेली पीडीएफ आली तर आकडे दोघांनी वाचायचे, इंग्रजी 3 आणि 8 मध्ये घोळ होतो.

रिकामा चौकोन म्हणजे शून्य नव्हे. छोटे आकडे माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून झाकलेले असतात, माहिती आलीच नाही हे वेगळं, आणि खरोखर शून्य हे वेगळं. तीन वेगळ्या खुणा.

तपासणी: १० टक्क्यांपेक्षा जास्त बदल दिसला की ती ओळ पिवळी करा आणि नोंदवही उघडा. नोंदवहीत कारण नसेल तर फोन. फोन लागला नाही तर आकडा द्या पण 'कपात' किंवा 'वाढ' हा शब्द लिहू नका, 'फरक, कारण तपासतोय' एवढंच. मग सगळ्या फरकांची एकत्र बेरीज करा आणि एकीकडचा उणे आकडा दुसरीकडे तेवढाच अधिक आलाय का ते शोधा. क्रमवारी लावली की पाच मिनिटांत दिसतं. माझे १४४ असेच दिसले, पण नोट पाठवल्यावर.

पुढचं पटापट. जुन्या तिमाह्या आजच्या रचनेप्रमाणे परत मांडायच्या असतील तर वेगळी शीट, मूळ मालिकेवर लिहायचं नाही. व्याख्यांचं एक पान सोबत जोडायचं. प्रत्येक संस्थेकडून तिची ओळ लेखी कबूल करून घ्यायची, ईमेल चालेल. आलेखात जिथे फेरबदल झाला तिथे उभी रेघ आणि तारीख. पाठवायच्या आदल्या दिवशी नोंदवही परत एकदा वरपासून खालपर्यंत वाचायची, दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यायची, आणि ती नोटसोबतच पाठवायची, मागितल्यावर नाही.