अमेरिकेत सप्लाय चेनची पदवी घ्यायला आलात? तारखा शेवटाकडून मोजा

दर ऑगस्टमध्ये इथे सप्लाय चेन मॅनेजमेंट (मालाच्या पुरवठा साखळीचं व्यवस्थापन) हा मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेऊन आलेली मराठी मुलंमुली भेटतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "ताई, पहिल्या सेमिस्टरला कोणते कोर्स घेऊ?" माझा सल्ला असा की त्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर पदवी मिळण्याची तारीख लिहा. मग मागे मोजत या.

कारखान्यात नियोजन असंच होतं. ग्राहकाला माल कधी पोचवायचा ती तारीख आधी ठरते, त्यातून जुळणीचे दिवस वजा होतात, मग सुट्या भागांचा लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतचा वेळ) वजा होतो आणि शेवटी कळतं की अमुक ऑर्डर आजच गेली पाहिजे. तिसऱ्या वर्षात हे तुम्ही एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग) या नावाने शिकाल. पण ते स्वतःच्या चार वर्षांना लावायचं असेल, तर तिसऱ्या वर्षापर्यंत थांबून चालत नाही.

समजा पदवी मे महिन्यात मिळणार आहे. पहिली कायमची नोकरी अनेकदा आदल्या उन्हाळ्यात जिथे इंटर्नशिप केली तिथूनच मिळते. त्या इंटर्नशिपच्या मुलाखती मोठ्या कंपन्या त्याच्याही आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, करिअर फेअरच्या सुमारास उरकतात. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच रेझ्युमेवर दाखवण्यासारखं काहीतरी हवं आणि ते दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात किंवा त्याआधी केलेलं हवं. असं मागे मोजत आलात की पहिल्याच सप्टेंबरच्या करिअर फेअरपाशी येऊन पोचता. त्या फेअरला जरूर जा. नोकरी मागायला नको, नुसतं ऐकायला जा. कोणती कंपनी कोणत्या पदांसाठी माणसं घेते, व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना घेते का, मुलाखतीत काय विचारते, हे उभ्या उभ्या कळतं.

आता व्हिसाचं गणित. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपला सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी) लागते आणि ती साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. कंपनीचं पत्र हातात आलं म्हणून कामाला लागायचं नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओने (विद्यार्थी व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याने) सीपीटीची नोंद असलेला नवा आय-२० (ज्यावर तुमचा व्हिसा चालतो तो विद्यापीठाचा फॉर्म) दिला की मगच पहिला दिवस. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त झाली, तर त्या पदवीवरची ओपीटी (पदवीनंतर आपल्या विषयात काम करण्याची परवानगी) जाते. सहा महिन्यांची को-ऑप (सेमिस्टरभर चालणारी लांब, पूर्णवेळ इंटर्नशिप) घेणाऱ्यांनी ही बेरीज आधीच करून ठेवावी.

कॅम्पसवरचं काम निवडतानाही थोडा विचार करा. लायब्ररीच्या काउंटरवर बसून अभ्यास होतो हे खरं. पण विद्यापीठाचं मध्यवर्ती भांडार, पुस्तकांचं दुकान, मेलरूम, मेसचा माल उतरतो तो रिसीव्हिंग डॉक, ही या विषयाची खरी प्रयोगशाळा आहे. तिथे आलेला माल पीओशी (खरेदीच्या ऑर्डरशी) पडताळून घेणं, संगणकातला आकडा आणि फळीवरचा माल यांचा मेळ घालणं, कमी भरलं तर कारण शोधणं, हे सगळं हाताने करायला मिळतं. मुलाखतीत "इन्व्हेंटरीतली तफावत शोधली आणि कारण रिसीव्हिंगच्या नोंदीत सापडलं" असं सांगू शकणारी दुसऱ्या वर्षाची मुलगी लक्षात राहते.

अभ्यासाकडे वळते. पदवी साधारण १२० क्रेडिटची. पहिल्या दोन वर्षांत सप्लाय चेनचं नावसुद्धा फारसं कानावर पडत नाही: अकाउंटिंग, अर्थशास्त्र, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, लेखन. कंटाळून ते कसंबसं पार पाडणारे बरेच दिसतात आणि त्यांच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कारण पुढची सगळी इमारत याच कोर्सवर उभी असते. शिवाय बऱ्याच बिझनेस कॉलेजांत मेजरमध्ये प्रवेश दुसऱ्या वर्षानंतर, याच कोर्सच्या जीपीएवर (गुणांच्या सरासरीवर) होतो. तुमच्या कॉलेजची अट आजच वाचून घ्या.

स्टॅटिस्टिक्स का लागतं ते एका उदाहरणात सांगते. एका वस्तूच्या रोजच्या मागणीचं प्रमाण विचलन (मागणी सरासरीपासून किती वरखाली होते त्याचं माप) २० नग आहे आणि पुरवठादाराकडून माल यायला ९ दिवस लागतात. ९५ टक्के वेळा माल संपू नये असं ठरवलं, तर सेफ्टी स्टॉक (माल कमी पडू नये म्हणून ठेवलेला जादा साठा) येतो १.६५ (९५ टक्क्यांसाठीचा स्टॅटिस्टिक्समधला गुणक) गुणिले २० गुणिले ९ चं वर्गमूळ, म्हणजे ९९ नग. विक्री विभाग म्हणाला, ९५ नको, ९९ टक्के हवं. मग १.६५ च्या जागी २.३३ आणि साठा जातो १४० वर. चार टक्क्यांसाठी जवळपास दीडपट माल गोदामात पडून राहणार. याउलट ९५ टक्केच ठेवून लीड टाइम ९ वरून ४ दिवसांवर आणला, तर साठा ६६ होतो. वेळ निम्म्याहून कमी झाला तरी साठा एक तृतीयांशानेच घटला, कारण सूत्रात वर्गमूळ आहे. हा साठा ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसतो, पण त्यात कंपनीचा पैसा अडकलेला असतो. तो किती काळ अडकला हे वाचायला अकाउंटिंग लागतं. हे दोन कोर्स ज्यांचे पक्के असतात, ते पुढे नियोजनाच्या बैठकीत हिमतीने बोलू शकतात.

ईओक्यूचं (एका वेळी किती माल मागवणं सगळ्यात स्वस्त पडतं त्याचं) सूत्र फोर्ड हॅरिसने १९१३ मध्ये मांडलं, ते एका तासात समजेल. बिअर गेमला मात्र पूर्ण मन द्या. एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या गटाने तयार केलेला हा खेळ आजही वर्गात खेळवतात. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका असतात आणि एकमेकांशी बोलायची परवानगी नसते. ग्राहकाची मागणी आठवड्याला ४ पेट्यांवरून एकदाच ८ वर जाते आणि तिथेच स्थिर राहते. तरीही कारखान्यापर्यंत पोचेतो ऑर्डरी भलत्याच फुगतात, मग एकदम शून्यावर येतात. खेळताना प्रत्येक ऑर्डर देण्यामागचं कारण वहीत लिहून ठेवा. १९९७ मध्ये हाऊ ली, पद्मनाभन आणि वांग यांनी या बुलव्हिप परिणामाची चार कारणं मांडली: अंदाज सतत बदलणं, ऑर्डरी साठवून एकदम देणं, किंमतीतले चढउतार, आणि टंचाईच्या भीतीने गरजेपेक्षा जास्त मागणं. आपल्या वहीतल्या कारणांशी ती ताडून पाहिलीत, की पुन्हा पाठ करावी लागत नाहीत.

एक्सेल पहिल्या वर्षातच हातात बसू द्या. पिव्हट टेबल आणि लुकअप तर हवेतच, नंतर एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा). सॅप किंवा तसली ईआरपी प्रणाली (कंपनीचा सगळा व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) वर्गात हाताळायला मिळत असेल तर तो कोर्स सोडू नका. एएससीएम या व्यावसायिक संघटनेची सीपीआयएम, सीएससीपी ही प्रमाणपत्रं चांगली आहेत, पण त्यांची घाई नको. एएससीएमच्या किंवा सीएससीएमपी या दुसऱ्या संघटनेच्या विद्यार्थी शाखेत जाऊन कारखाना बघायच्या सहली पदरात पाडून घ्या.

आता ज्या गोष्टीकडे दुर्लक्ष होतं, पण जिच्यावर दोन वर्षं अवलंबून असतात, ती. तुमच्या आय-२० वर मेजरच्या नावाजवळ सहा अंकी सीआयपी कोड (अभ्यासविषयाचा सरकारी क्रमांक) असतो. पदवीनंतर १२ महिन्यांची ओपीटी सगळ्यांना मिळू शकते, पण आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या कोडला. ५२.१३०१ हा मॅनेजमेंट सायन्सचा कोड त्या यादीत आहे. ५२.०२०३, म्हणजे लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेनचा नेहमीचा कोड असेल, तर मुदतवाढ गृहीत धरू नका. दोन विद्यापीठांत पदवीचं नाव तेच आणि कोड वेगळा असं असू शकतं. बिझनेस अ‍ॅनालिटिक्ससारखा दुसरा मेजर जोडून मार्ग निघतो का, हे डीएसओला पहिल्या वर्षातच विचारा, कारण चौथ्या वर्षी मेजर जोडायला क्रेडिट उरलेले नसतात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीतल्या ८५,००० जागांपैकी २०,००० अमेरिकेतल्या मास्टर्स किंवा त्यावरच्या पदवीधरांसाठी राखीव असतात; बॅचलर्सवाल्यांना उरलेल्या ६५,००० मधूनच संधी. हे नियम बदलत असतात, तेव्हा ऐकीव माहितीवर विसंबू नका, अगदी माझ्याही.

अर्जात "आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का?" असा प्रश्न येतो, म्हणजे कंपनीला तुमच्यासाठी व्हिसाचा अर्ज करावा लागेल का. खरं उत्तर द्या, "हो". काही दारं तिथेच बंद होतात. संरक्षण आणि अवकाश क्षेत्रातल्या बऱ्याच जागा निर्यात नियंत्रणाच्या कायद्यांमुळे नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांनाच मिळतात, तिथे महिने घालवू नका.

संधी असेल तर पहिली इंटर्नशिप मुख्यालयापेक्षा कारखान्यात किंवा वितरण केंद्रात घ्या, असं माझं ठाम मत आहे. गाव लहान असेल, बस नसेल, सुरक्षेचे बूट घालून पहाटेच्या शिफ्टला जावं लागेल. पण लाइन बंद पडली की एका न आलेल्या सुट्या भागासाठी किती लोक थांबून राहतात, हे तिथे डोळ्यांनी दिसतं आणि बायर किंवा प्लॅनर म्हणून पुढे घेतलेल्या प्रत्येक निर्णयात ते उपयोगी पडतं. त्यासाठी वाहन परवाना दुसऱ्या वर्षाच्या आत काढून घ्या.

वर्गाबद्दल थोडक्यात: गटप्रकल्पात सहकारी एकमेकांना गुण देतात, त्यामुळे गप्प राहून चांगलं काम करणं पुरत नाही, केलेलं सांगावं लागतं. प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स हे तुमच्यासाठीच ठेवलेले असतात. शंका क्षुल्लक वाटली तरी जा.

कागदपत्रांचं शेवटचं. घर बदललं तर १० दिवसांच्या आत नवा पत्ता डीएसओला कळवायचा. उत्पन्न शून्य असलं तरी दरवर्षी कर विभागाचा फॉर्म ८८४३ भरायचा. आणि इंटर्नशिपचा पहिला पगार आला की पे-स्लिप नीट बघा: एफ-१ विद्यार्थ्यांना साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर लागत नाही, तरी पगार विभागाकडून तो चुकून कापला जातो. लगेच ईमेल करून परत मागा.