कुत्र्या-मांजराला घेऊन डोंगरात जाताना

राहायची जागा शोधण्याआधी आपल्या प्राण्याला ही सहल झेपेल का, ते बघा. लहान जातीचं पिल्लू वर्षाचं आणि मोठ्या जातीचं दीड वर्षाचं होईपर्यंत सांधे कच्चे असतात. त्याला तासन्‌तास चढ-उतार नकोत. पग, बुलडॉग यांसारखे चपट्या नाकाचे कुत्रे आणि पर्शियन मांजरं यांची सपाटीवरही श्वास घेताना ओढाताण होते. २,५०० मीटर उंचीवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपटच ऑक्सिजन मिळतो. त्यामुळे या प्राण्यांना आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना एवढ्या उंचीवर नेऊच नये. धडधाकट कुत्र्यालाही पहिला दिवस आरामाचा द्या. त्याने जेवण नाकारलं, उलट्या झाल्या किंवा बसल्या जागी धाप थांबेना, तर औषध शोधत बसू नका, खाली उतरा.

तयारी सहा आठवडे आधी सुरू करावी लागते, कारण लशींना वेळ लागतो. रेबीजची पहिलीच लस असेल तर ती निघण्याच्या किमान २१ दिवस आधी हवी. लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्यातून होणारा आजार) याच्या लशीच्या पहिल्या दोन मात्रांमध्ये दोन ते चार आठवड्यांचं अंतर असतं. गोचीड-पिसवांचं औषधही पशुवैद्याकडच्या याच फेरीत घ्या, पण घरात दोन्ही प्राणी असतील तर जपून: कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. पट्ट्यावरच्या बिल्ल्यावर चालू मोबाइल नंबर आहे ना, तेही बघून घ्या. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असली तरी नोंदणीतला नंबर जुना असेल तर तिचा काहीच उपयोग नाही.

घाटात कुत्र्याला गाडी लागते ती बहुधा भरल्या पोटी. शेवटचं जेवण निघण्याच्या तीन-चार तास आधी द्या, वाटेत थोडं थोडं पाणी पाजा आणि दर दोन तासांनी थांबा. तरीही उलट्या होत असतील तर पशुवैद्याकडून आधीच गोळी लिहून घ्या. कुत्र्याला हार्नेसने (छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्याने) सीटबेल्टला अडकवा, मांजराला कडक कॅरिअरमध्ये (न्यायच्या पेटीत) ठेवा आणि कॅरिअर बांधून घ्या. थंड हवेचं ठिकाण आहे म्हणून प्राण्याला बंद गाडीत सोडून जाऊ नका. बाहेर २१ अंश असताना उन्हातल्या गाडीत अर्ध्या तासात ४० अंशांच्या आसपास तापमान जातं.

मांजराबद्दल स्पष्टच सांगायचं तर बहुतेक मांजरं घरीच बरी. दिवसातून दोनदा येऊन खाणं-पाणी आणि लिटर (शी-शूची माती) बघणारं कुणी असेल तर सहलीपेक्षा तेच तिला मानवेल. एकाच जागी आठवडाभर मुक्काम असेल तर न्यायला हरकत नाही. मात्र कॅरिअर दोन-तीन आठवडे आधीपासून घरात उघडा ठेवा आणि तिला त्यातच खाऊ द्या. पोचल्यावर कॅरिअर उघडण्याआधी खोलीभर फिरा: खिडकीची सैल जाळी, बाथरूमचा झरोका, कपाटामागची फट. मग पहिले काही तास तिला बाथरूममध्येच ठेवा. सोबत नेहमीचीच लिटर आणि घरून आणलेली न धुतलेली चादर असू द्या. तिने २४ तास काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्याला फोन करा, कारण उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते. बाहेर नेताना हार्नेसखाली दोन बोटं जेमतेम जावीत. घाबरलेलं मांजर मागे सरकत त्यातून निसटतं.

कुत्र्याला चालवताना गळ्यातला पट्टा नको, पाठीवर हँडल असलेला हार्नेस हवा. कड्यावरून पाय घसरला तर गळपट्ट्याचा फास बसतो. दोरी दोन मीटरची पुरे. लांब दोरी झुडपात अडकते आणि समोर शेळ्या आल्या की वेळेत आवरता येत नाही.

सहल फसते ती बहुतेक वेळा पंजांमुळे. घरातल्या फरशीवर वावरणाऱ्या कुत्र्याच्या पंजांखालच्या गाद्या मऊ असतात आणि खडकाळ वाटेवर त्या एका दिवसात सोलवटतात. म्हणून महिनाभर आधीपासून खडबडीत रस्त्यावर चालण्याचं अंतर हळूहळू वाढवा. बूट घालणार असाल तर त्यांची सवयही घरीच लावा, नाहीतर पहिल्या चढावर तो ते दातांनी ओढून काढेल. वाटेत दर तासाला चारही पंजे उलटून बघा: बोटांमध्ये खडा, काटा, चीर किंवा पातळ होऊन गुलाबी पडलेली गादी. बर्फात जायचं असेल तर बोटांमधले केस कापा, तिथे बर्फाचे गोळे चिकटून कातडी फाटते. गादी सोलली तर स्वच्छ पाण्याने धुवा, गॉज लावून सैल बँडेज बांधा, वर मोजा चढवा आणि त्या दिवसाचं चालणं थांबवा. तो शेपूट हलवत पुढे निघेल, पण त्यावर जाऊ नका. मालक चालतोय तोवर कुत्रा चालत राहतो.

पाणी घरूनच न्या. एरवी दिवसाला किलोमागे ५०-६० मिली लागतं, चढाच्या दिवशी त्याहून बरंच जास्त. साचलेल्या डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. मोठं जेवण संध्याकाळी, दम पूर्ण खाली बसल्यावर द्या. आपल्या खाऊतले बेदाणे आणि चॉकलेट त्याच्यापासून दूर ठेवा. पॅरासिटामॉल मांजराला आणि आयबुप्रोफेन कुत्रा-मांजर दोघांनाही विषारी आहे. पांढऱ्या नाकाला ऊन लागू नये म्हणून झिंक ऑक्साइड असलेलं माणसांचं सनस्क्रीनही लावू नका, तो ते चाटणारच.

आणखी एक हिशेब निघण्याआधीच करा: २५ किलोच्या कुत्र्याचा पाय मुरगळला तर त्याला खाली कोण आणि कसं आणणार? बॅगेत उचलून नेण्याची झोळी नसेल आणि सोबत दुसरं माणूस नसेल, तर गाडीरस्त्यापासून फार आत जाऊ नका.

रोज संध्याकाळी कानांच्या आत, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली आणि बोटांमध्ये गोचीड शोधा. सापडली की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल ओतणं, चटका देणं नको. परतल्यानंतर तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप, मरगळ, फिकट हिरड्या किंवा गडद रंगाची लघवी दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा आणि डोंगरात जाऊन आल्याचं आवर्जून सांगा.