ओठांभोवतीच्या रेघा: क्रीमआधी दात बघा

पन्नाशीनंतर वरच्या ओठावर बारीक उभ्या रेघा उमटतात, लिपस्टिक त्यांत पसरते आणि आपण क्रीम शोधायला लागतो. त्याआधी आरशात दात बघा. दात-दाढा काढून जागा रिकामीच ठेवली, की ओठांचा-गालांचा आधार जातो, तोंड आत बसतं आणि रेघा खोल दिसतात. माझ्या आईची कवळी झिजली होती. नवी बसवली तेव्हा ओठ पुन्हा भरल्यासारखे दिसले. कोपऱ्यांत लाळ साचून चिरा पडायच्या, त्याही थांबल्या. मला स्वतःला हे आधी कळायला हवं होतं.

मिशरी लावत असाल तर आजच सोडा, तिने हिरड्या आणि दात जातात. सिगारेटने कातडीतलं कोलॅजनच, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, कमी होतं.

सनस्क्रीन आपण गाल-कपाळाला लावतो आणि नेमकी नाकाखालची पट्टी विसरतो. एसपीएफ (उन्हापासून किती बचाव होतो त्याचा आकडा) ३० किंवा जास्त घ्या, उन्हात असाल तर दर २ तासांनी पुन्हा लावा.

रात्री रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं क्रीम) चालेल, पण पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढंच. सुरुवातीला आठवड्यातून २ वेळा. ओठांच्या कोपऱ्यांना आधी पेट्रोलियम जेली लावा, तिथे लगेच आग होते. गरोदरपणात मात्र अजिबात नको. फरक दिसायला किमान ३ महिने लागतात. लिंबू चोळू नका, कातडी भाजते आणि काळे डाग राहतात.