वर्दीवरचे बिल्ले ओळखताना या चुका टाळा

गावात सुट्टीवर आलेल्या जवानाचा सत्कार ठरतो. फ्लेक्सवाला इंटरनेटवरून मरून टोपी, पंख, खंजीर असं जे दमदार दिसेल ते उचलतो आणि जवानाच्या फोटोभोवती लावून देतो. कौतुकाने जमलेल्या गावकऱ्यांसमोर तो बिचारा काही बोलत नाही. पण तोच फोटो त्याच्या पलटणीत पोहोचला की न कमावलेल्या चिन्हाबद्दल त्याला ऐकून घ्यावं लागतं. हे आपल्या हातून होऊ नये.

मरून टोपी दिसली की ‘पॅरा कमांडो’ म्हणणे

ही चूक सर्वांत जास्त होते. मरून टोपी पॅराशूट रेजिमेंटची आहेच, पण पॅराशूटने उतरणाऱ्या सैन्यासोबत असलेल्या इतर तुकड्यांचे इंजिनिअर, डॉक्टर आणि सिग्नलवालेही ती घालतात. त्यांच्या टोपीवरचा बिल्ला आपापल्या कोअरचा, म्हणजे सैन्यातल्या शाखेचा असतो. छातीवरचे पंख आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये उड्या पूर्ण केल्यावर मिळतात. टोपी तुकडीची असते आणि पंख माणसाचे, हे लक्षात ठेवलं की गोंधळ मिटतो. पंख मिळवलेला जवान आपल्या मूळ पलटणीत परतला, तर त्याच्या डोक्यावर पलटणीची टोपी आणि छातीवर पंख दिसतात. त्यात विसंगत काही नाही.

पॅरा कमांडो म्हणजे पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेस. त्यांची ओळख म्हणजे खांद्यावरची ‘स्पेशल फोर्सेस’ लिहिलेली पट्टी आणि खिशावरचं खंजिराचं ‘बलिदान’ चिन्ह.

बलिदान चिन्ह शोभेसाठी वापरणे

5 जून 2019 रोजी साउथॅम्प्टनला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या सामन्यात महेंद्रसिंह धोनीच्या ग्लोव्ह्जवर खंजिराचं चिन्ह दिसलं. आयसीसीने ते काढायला सांगितलं. तेव्हा क्रिकेट प्रशासकीय समितीचे प्रमुख विनोद राय यांनी मुद्दा मांडला, की सैन्याच्या चिन्हावर ‘बलिदान’ हा शब्द असतो आणि ग्लोव्ह्जवर तो नव्हता. त्यानंतर गाड्यांच्या काचांपासून मोबाइलच्या कव्हरपर्यंत हा खंजीर सगळीकडे दिसू लागला. ज्यांनी तो मिळवला त्यांनी निवडीच्या काळात काय सोसलं, हे ठाऊक असणाऱ्याला ते बघवत नाही. आदरच दाखवायचा असेल, तर गाडीवर तिरंगा लावा.

बेळगावचा कमांडो आणि पॅरा कमांडो एकच समजणे

बेळगावच्या कमांडो कोर्सला पायदळातले तरुण अधिकारी आणि जवान जातात. तो पूर्ण करून ते आपल्या पलटणीत परततात आणि बरेचदा तिथल्या घातक प्लाटूनमध्ये, म्हणजे पलटणीच्या खास हल्ला तुकडीत असतात. हा कोर्स अतिशय खडतर आहे, पण तो केल्याने माणूस पॅराशूट रेजिमेंटचा होत नाही. बातमीत ‘कमांडो कोर्स केलेले’ असं लिहा. तेवढ्यानेही त्याचा मान पुरेसा राखला जातो.

अनधिकृत म्हणजे खोटं, असा निकाल देणे

इथे मात्र घाई करू नका. अमेरिकेच्या सैन्यात रेंजर, स्पेशल फोर्सेस, सॅपर (लढाऊ इंजिनिअर) अशा खांद्यावरच्या मोजक्याच पट्ट्यांना वैयक्तिक कौशल्याची म्हणून दीर्घकाळ अधिकृत मान्यता आहे. ‘एअरबोर्न’ ही पट्टी तुकडीच्या चिन्हाचा भाग असते, त्यामुळे तुकडी सुटली की तीही जाते. पण व्हिएतनाममध्ये न्हा त्रांगला 1966 ते 1970 या काळात ‘रेकाँडो’ नावाची अमेरिकी टेहळणी प्रशाला होती. तिची शेवटची परीक्षा म्हणजे शत्रूच्या मुलखातली खरी गस्त. तिथल्या बाणाच्या टोकासारख्या बिल्ल्याला संपूर्ण सैन्यासाठी मान्यता कधीच मिळाली नाही. म्हणून तो खोटा होता का? अजिबात नाही. फक्त तो सगळीकडे लावता येत नव्हता.

आजोबांच्या ट्रंकेत असा अनोळखी बिल्ला सापडला तर टाकू नका. डिस्चार्ज बुक आणि कोर्सची प्रमाणपत्रं पाहा, त्यांचे सोबती हयात असतील तर त्यांना विचारा. कोर्स, ठिकाण आणि वर्ष एका कागदावर लिहून तो बिल्ल्यासोबत ठेवा.

कायदा विसरणे

आपण सैनिक आहोत असं भासवण्याच्या हेतूने तशी वर्दी किंवा चिन्ह वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 नुसार गुन्हा आहे. त्यासाठी 3 महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नाटकातल्या नटाचा असा हेतू नसतो. नोकरीचं आमिष दाखवून पोरांकडून पैसे उकळणाऱ्याचा असतो.

आजची ओळख जुन्या फोटोवर चिकटवणे

1 ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची वर्दी समान झाली. त्यामुळे पॅरातून आलेल्या जनरलच्या डोक्यावर मरून टोपी नसेल, तर त्यावरून काही निष्कर्ष काढू नका.

1971 च्या युद्धात 11 डिसेंबरला आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला पॅराशूटने उतरलेली 2 पॅरा ही पलटण मूळची 3 मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. पुढे ती स्पेशल फोर्सेस झाली, त्या दिवशी नव्हती. तुमच्या घरी त्या पलटणीतल्या कुणाचा फोटो असेल, तर त्याखाली ‘2 पॅरा (मराठा), 1971’ एवढंच लिहा.